जुन्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी म्हणजे इथे दहा-पंधरा वर्षं झालेली, लाखभर किलोमीटर पळालेली, असं धरलंय. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एका जागी केलेत, सोपे आधी आणि किचकट शेवटी. एकच गोष्ट दोन ठिकाणी लागत असेल तिथे फक्त प्रश्नाचा नंबर दिलाय, तो बघून घ्या.

१. गाडीत आवाज येतोय, मधेच झटकेही खाते, पण दोष इंजिनचा की गिअरबॉक्सचा हे ओळखायचं कसं?

पार्ट बदलायच्या आधी हे शोधा की त्रास आरपीएमबरोबर (इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे) बदलतो की स्पीडबरोबर. गाडी उभी, न्यूट्रल, हळूहळू रेस द्या. आवाज तसाच चढत गेला तर इंजिन किंवा त्याच्या बेल्टवर फिरणारं काहीतरी, म्हणजे अल्टरनेटर, वॉटर पंप, टेन्शनर वगैरे. उभ्या गाडीत काहीच नाही आणि चालवताना येतोय, तर मोकळ्या रस्त्यावर एकाच स्पीडला आधी तिसऱ्यात मग चौथ्यात चालवा, गिअर बदलल्यावर आवाजाचा सूर बदलला तर तो आरपीएमशी बांधलेला आहे आणि नाही बदलला तर व्हील बेअरिंग, टायर, ड्राइव्हशाफ्ट किंवा डिफरन्शियल बघायचं. फक्त एकाच गिअरमध्ये येतो आणि बाकी सगळ्यात शांतता, तेव्हा गिअरबॉक्सवर संशय घ्यायला अर्थ आहे. उतारावर न्यूट्रल टाकून टेस्ट करत असाल तर इंजिन बंद करू नका, ब्रेकची आणि स्टिअरिंगची पॉवर जाते.

हे सगळं लिहून ठेवा: थंड असताना की गरम, कुठला गिअर, किती स्पीड, चढावर की सोडल्यावर. "गिअरबॉक्स गेला" हे वाक्य लोक फार लवकर बोलतात. बऱ्याच वेळा तुटलेलं इंजिन माउंटिंग, सैल झालेली गिअर लिंकेज किंवा साधं मिसिंग (एखादा सिलिंडर नीट न पेटणं) असतं, आणि गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर ते कळतं.

२. चेक इंजिन लाईट लागलीय. चालवू की उभी करू?

स्थिर पिवळी लाईट असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरापर्यंत जाता येतं, नंतर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावून बघा. लाईट मिचमिचत असेल तर इंजिन त्या क्षणी जोरात मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून खराब होतो. तेव्हा रेस कमी करा आणि बाजूला घ्या. लाल ऑईल लाईट किंवा टेम्परेचरचा काटा वर गेला तर विचारायचंच नाही, लगेच इंजिन बंद.

स्कॅनरचा कोड पार्ट सांगत नाही, दिशा सांगतो. पी०१७१ म्हणजे मिक्श्चर लीन, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. लोक हा कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलतात, सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो आणि दोष फाटलेल्या व्हॅक्यूम पाइपचा असतो. पी०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरला मिसफायर, पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला. बॅटरीची वायर काढून लाईट घालवू नका, कोडसोबत साठवलेली सगळी माहिती पुसली जाते आणि मेकॅनिकला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

३. सेल्फ मारला की नुसतं टकटकटक होतं. स्टार्टर गेला का?

भराभर टकटक म्हणजे बहुतेक बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर जमलाय. एकच जोरात टक् आणि पुढे काही नाही, तेव्हा स्टार्टर किंवा त्याचा सोलेनॉइड. मल्टिमीटर लावा: काही तास उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे फुल, १२.२ म्हणजे अर्धी. सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीत दम नाही. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत, बारा-साडेबाराच दिसत असतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि नवीन बॅटरीही लवकरच बसेल. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची वायर जुन्या गाडीत हमखास गंजलेली असते, तीही बघा.

४. सेल्फ मस्त फिरतो पण इंजिन पकडतच नाही.

पेट्रोल, स्पार्क, कम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब), टायमिंग, या चारातलं एक नाहीये. चावी ऑन करून (सेल्फ न मारता) मागच्या सीटखाली किंवा टाकीजवळ कान द्या, इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते. नाही आली तर फ्यूज, रिले, मग पंप. डॅशबोर्डवर चावीची लाईट मिचमिचत असेल तर इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक लॉक) चावी ओळखत नाहीये, दुसरी चावी लावून बघा.

आणि एक लक्षण मुद्दाम लक्षात ठेवा, सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि एकसारखा वेगात फिरतोय, मधले धक्के नाहीतच, तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. तिथेच थांबा. अनेक इंजिनांमध्ये बेल्ट गेला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो आणि सेल्फ मारत राहिलात की नुकसान वाढतं.

५. थंड असताना एका सेल्फला स्टार्ट, पण गरम झाल्यावर बंद पडली की अर्धा तास घेतच नाही.

इंजेक्शनच्या गाडीत पहिला संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणारा). जुना झाला की गरम झाल्यावर सिग्नल तुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा शहाणा होतो, म्हणून गॅरेजमध्ये पोचेपर्यंत गाडी ठणठणीत असते आणि तुम्हीच खोटे पडता. गाडी घेत नसतानाच सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम बघा, शून्य दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर.

कार्ब्युरेटरच्या गाडीत गोष्ट वेगळी. गरम इंजिनच्या धगीने पेट्रोल उकळतं, एक तर लाइनमध्ये वाफ अडकते नाहीतर कार्ब्युरेटरमधून सांडून इंजिन फ्लड होतं. पेट्रोलचा वास येत असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, पंपिंग करू नका, चोक तर अजिबात नको.

६. गाडी मिसिंग मारते, पिकअप नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, सुरुवात कुठून करू?

सगळं एकदम बदलू नका. स्कॅनरने कुठला सिलिंडर ते बघा, स्कॅनर नसेल तर एकेका कॉइलचं किंवा इंजेक्टरचं कनेक्टर काढून बघा, जे काढल्यावर इंजिनला काहीच फरक पडत नाही तो मेलेला सिलिंडर. मग त्याची कॉइल शेजारच्यावर टाका. दोष कॉइलसोबत गेला तर कॉइल. नाही गेला तर हेच प्लगचं करा, मग इंजेक्टरचं. या अदलाबदलीला वेळ लागतो पण पैसा लागत नाही. तिन्ही करूनही दोष जागचा हलला नाही तर कम्प्रेशन (प्रश्न ११).

फक्त पावसाळी, दमट हवेत मिसिंग होत असेल तर जुन्या प्लग वायर. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा, वायरीवरून निळ्या ठिणग्या पळताना दिसतात, बघायला छान वाटतं पण हात लावू नका. आणि मिसिंग फक्त चढावर किंवा जोर दिल्यावर होत असेल तर प्लगचा गॅप, कॉइल किंवा फ्युएल प्रेशर, पंप दमला असेल तर आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) काहीच कळत नाही.

७. आयडल सारखं वर-खाली होतं.

थ्रॉटल बॉडीतला (इंजिनला हवा सोडणारी झडप) काळा थर आणि व्हॅक्यूम लीक, बहुतेकदा या दोनपैकी एक. लीक असेल तर इंजिनजवळ सूं असा आवाज येतो, संशय असलेला पाइप चिमटीत दाबल्यावर आयडल बदलतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी ऑन असताना आतली पाकळी बोटाने ढकलू नका. साफ केल्यावर सुरुवातीला आयडल वेडंवाकडं राहू शकतं, काही गाड्यांना रीलर्न करावं लागतं.

८. गाडी गरम होते. थर्मोस्टॅट काढून टाका म्हणतात, काढू का?

नका काढू. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते, आणि मूळ दोष झाकला जातो.

आधी बघा कधी गरम होते. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, म्हणजे फॅन. मोटर, रिले, फ्यूज किंवा सेन्सर. एसी लावल्यावर फॅन फिरतो का बघा, बऱ्याच गाड्यांमध्ये एसीबरोबर फॅन लागतोच, म्हणजे मोटर ठीक आणि दोष तापमानाच्या सिग्नलमध्ये. याच्या उलट, गावात ठीक आणि हायवेला किंवा चढावर गरम, तर रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंप पाणी ढकलत नाही किंवा खालचा होज ओढला जाऊन चपटा होतोय. काटा चढला तरी वरचा होज गरम आणि खालचा बराच वेळ गार, तर थर्मोस्टॅट उघडत नाहीये, तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला हवा.

रेडिएटरच्या कॅपला लोक विसरतात. ती सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवते म्हणून कूलंट शंभर अंशांना उकळत नाही. रबर गेलं की उकळतं, बाहेर येतं आणि तुम्ही लीक शोधत बसता. नुसतं पाणी घालून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत आतून गंज असतो, नंतर कूलंट घातलं की तो सुटून जाळ्या भरतो, म्हणून आधी फ्लश करा.

रस्त्यात गरम झाली तर: एसी बंद, हीटर फुल गरमवर (गैरसोय होईल पण इंजिनची थोडी धग बाहेर निघते), बाजूला घ्या, बंद करा. गरम असताना कॅप उघडायची नाही, फडकं धरूनही नाही. तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो.

९. कूलंट कमी होतं पण खाली एक थेंब दिसत नाही. ऑईल कॅपखाली पिवळट-पांढरा चिकट थर पण आहे. हेड गॅसकेट का?

नुसत्या त्या थरावरून इंजिन उघडू नका. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर ऑईल नीट तापत नाही, आतली वाफ सुकत नाही आणि कॅपखाली असा थर जमतो. डिपस्टिकवरचं ऑईल बघा. तेही दुधाळ झालं असेल तर पाणी खरंच ऑईलमध्ये जातंय आणि गाडी चालवायची नाही, बेअरिंग जातील.

गॅसकेटचा खरा पुरावा असा: इंजिन चालू असताना कूलंटच्या डब्यात सतत बुडबुडे, सकाळी थंड गाडी स्टार्ट केल्या केल्या होज दगडासारखा कडक, किंवा रात्रभर उभी राहिल्यावर स्टार्ट होताना एखादा सिलिंडर मिस आणि मग पांढरा धूर. निळ्या लिक्विडची टेस्ट मिळते, रेडिएटरच्या तोंडावर लावतात, जळालेला गॅस असेल तर रंग पिवळा होतो. हे सगळं निगेटिव्ह आलं तर हीटरच्या पाइपांकडे आणि वॉटर पंपाच्या छोट्या भोकाकडे बघा, तिथून झिरपलेलं गरम इंजिनवरच सुकून जातं. हीटर कोअर लीक असेल तर पायाशी कार्पेट ओलं होतं आणि काचेवर चिकट वाफ येते.

१०. धुराचा रंग बघून काय कळतं?

निळा म्हणजे ऑईल जळतंय. रात्रभर उभी गाडी स्टार्ट करताना एकच भपका आणि मग साफ, तर व्हॉल्व्ह सील, जोर दिल्यावर सतत निळा तर पिस्टन रिंग. टर्बो असेल तर त्याच्या सीलमधूनही येतो. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ परत जाळायला पाठवणारा) आधी बघा, छोटीशी वस्तू आहे आणि ती चोंदली तरी इंजिन ऑईल प्यायला लागतं. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरा, दाट, गोडसर वासाचा आणि गरम झाल्यावरही न थांबणारा म्हणजे कूलंट (प्रश्न ९). थंड सकाळी पहिली काही मिनिटं पांढरी वाफ आणि सायलेंसरमधून पाण्याचे थेंब हे नॉर्मल आहे.

११. मेकॅनिक म्हणतो इंजिन बांधावं (पूर्ण उघडून दुरुस्त करावं) लागेल. खात्री कशी करू?

कम्प्रेशन टेस्टचे आकडे मागा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि स्पार्क बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी फुल, अशा पद्धतीने घेतली असेल तरच आकड्यांना किंमत. पेट्रोल इंजिनला साधारण १२० ते १८० पीएसआय दिसतं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलिंडरमधला फरक, तो १०-१५ टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑईल टाकून पुन्हा घ्या, आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. शेजारशेजारचे दोन एकदम कमी असतील तर त्यांच्या मधली गॅसकेट. म्हणजे दोष हेडमध्ये असेल तर खालचा ब्लॉक उघडायचं कारणच नाही. आकडे सगळे चांगले असतील आणि तरी कोणी बांधायला सांगत असेल तर दुसऱ्याकडे दाखवा.

१२. गरम झाल्यावर आयडलला ऑईल लाईट फडफडते, रेस दिली की जाते.

डिपस्टिक बघा, मग ऑईलची ग्रेड. फार पातळ किंवा जुनं ऑईल असेल तर बदला. तरी राहिली तर मेकॅनिकल गेज लावून प्रेशर मोजायला सांगा, सेन्सर खोटं बोलतोय की पंप आणि बेअरिंग झिजलेत हे त्यावरूनच ठरतं. जाड ऑईल टाकून लाईट विझवणं म्हणजे प्रश्न पुढे ढकलणं. लाईट रेस देऊनही जात नसेल तर इंजिन चालू ठेवूच नका.

१३. इंजिनमधून टकटक येते, घाबरायचं का?

हलकी टिकटिक, थंड असताना आणि थोड्या वेळाने जाणारी: हायड्रॉलिक लिफ्टर किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा लीक (लोखंड तापून फुगलं की फट बुजते). स्टार्ट करताना क्षणभर खडखड असेल तर टायमिंग चेन सैल. चढावर जोर दिल्यावर खणखणाट म्हणजे नॉकिंग, चुकीचं पेट्रोल, टायमिंग किंवा आत साठलेला कार्बन. आणि खालून येणारा जड, खोल ठोका, जो रेसबरोबर वाढतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा. हा ऐकला की गाडी उचलून न्या, चालवत नाही.

१४. क्लच प्लेट गेलीय हे घरी कसं तपासायचं?

मोकळ्या जागेत, पुढे कोणी नाही हे बघून, हँडब्रेक पूर्ण ओढून, पायाने ब्रेक दाबून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर प्लेट पकडतेय. रडत-रखडत चालूच राहिलं तर स्लिप होतेय. हायवेला वरच्या गिअरमध्ये रेस दिल्यावर आरपीएम चढतं आणि स्पीड जागेवर, ही त्याचीच खूण. टेस्ट पुन्हा पुन्हा करू नका, तिनेच प्लेट जळते.

आवाजावरून: पेडल दाबल्यावर येतो तर रिलीज बेअरिंग, न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, मजुरी उतरवायचीच असते.

१५. गिअर घासतो, रिव्हर्स तर खर्रकन पडतो. सिंक्रो (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) गेले म्हणाले.

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये: केबल ताणलीय, फ्लुइड कमी झालंय, मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर गळतोय नाहीतर लाइनमध्ये हवा आहे. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडला तर हायड्रॉलिकच. बंद असतानाही जड असतील तर लिंकेज, केबल, बुश.

सिंक्रो गेल्याची खूण वेगळी. एकच ठरावीक गिअर, बहुतेक दुसरा, वेगात टाकताना घासतो आणि सावकाश टाकला तर पडतो. रिव्हर्सला अनेक गाड्यांमध्ये सिंक्रो नसतोच, त्यामुळे पूर्ण थांबून, क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबून टाका.

ऑईलही बघा. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑईलचा दर्जा) लिहिलं असेल तर जास्त नंबर म्हणून जीएल-५ टाकू नका, त्यातली काही अ‍ॅडिटिव्ह पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. काही गिअरबॉक्सना तर एटीएफच (ऑटोमॅटिकमध्ये घालतात ते फ्लुइड) लागतं.

१६. चालता चालता गिअर सुटून न्यूट्रलला येतो.

रेस दिल्या-सोडल्यावर गिअरची दांडी पुढे-मागे हलते का बघा. हलत असेल तर आधी इंजिन माउंटिंग आणि लिंकेज. ते ठीक असूनही एकच गिअर सुटत असेल तर आतले दात किंवा डिटेंट स्प्रिंग झिजलेत, गिअरबॉक्स उघडावा लागतो. हाताने दांडी धरून चालवू नका, आतला फोर्क झिजतो.

१७. ऑटोमॅटिक आहे, डी ला टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी पकडते. कोणी म्हणतं ऑईल बदल, कोणी म्हणतं जुन्याला हात लावू नको.

आधी लेव्हल. बहुतेक गाड्यांमध्ये ती गरम इंजिन चालू ठेवून, सपाट जागेवर, पार्कमध्ये बघतात, काहींमध्ये इंजिन बंद करून लगेच, आणि काहींना डिपस्टिकच नसते, ठरावीक तापमानाला खालचा प्लग उघडून बघावी लागते. मॅन्युअल वाचा, कारण कमी तर वाईटच पण जास्त झालं तरी फेस होऊन तशीच लक्षणं येतात.

मग रंग आणि वास. लालसर किंवा थोडं तपकिरी असेल तर बदलायला हरकत नाही, काढून-भरून, मशीनने दाब देऊन फ्लश नको, म्हणजे एका वेळी थोडंच बदलतं, काही दिवसांनी पुन्हा करा. काळं, जळका वास, त्यात बारीक कण, आणि गाडी आधीच स्लिप होतेय, तर आतल्या क्लच प्लेट झिजलेल्या आहेत. "ऑईल बदललं आणि गिअरबॉक्स गेला" ही तक्रार बहुतेक अशाच गाड्यांची असते, तो आधीच गेलेला असतो. कंपनीने सांगितलेलंच फ्लुइड टाका, सीव्हीटीचं (ठरावीक गिअरऐवजी बेल्ट-पुलीवर चालणारा ऑटोमॅटिक) फ्लुइड वेगळं असतं आणि नेहमीचं एटीएफ त्यात चालत नाही.

१८. ऑटोमॅटिक ६०-७० च्या स्पीडला थरथरते, जाळीवरून गेल्यासारखी. मिसिंग आहे की टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग)?

थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला हलकासा स्पर्श करा, फक्त ब्रेक लाईट लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांमध्ये यामुळे कन्व्हर्टरचं लॉक-अप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारी पकड) सुटतं. थरथर तिथल्या तिथे गेली तर कन्व्हर्टर, आणि अशा वेळी योग्य फ्लुइड बदलून कधी कधी फरक पडतो. नाही गेली, आणि चढावर जोर दिल्यावर वाढते, तर प्रश्न ६. हे करताना मागे गाडी नसावी.

१९. ऑटोमॅटिक एकाच गिअरमध्ये अडकलीय, पळतच नाही.

लिम्प मोड. कंट्रोलरला काहीतरी न पटणारं दिसलं की तो गाडी एकाच, बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवतो. बंद करून चालू केल्यावर सुटते म्हणून दुर्लक्ष करू नका. पी०७०० कोड दिसला तर साध्या स्कॅनरवर समाधान मानू नका, तो फक्त "गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये कोड आहे" इतकंच सांगतो, तो आतला कोड वाचायला हवा. बॅटरी आणि अर्थिंग (प्रश्न ३), स्पीड सेन्सर, कनेक्टरमध्ये शिरलेलं ऑईल, हे आधी. ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनची ताकद मिळणारी चाकं उचलूनच न्या, इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आत कोरडं घासतं.

एएमटी असेल तर यातलं बरंच लागू नाही, तो आतून मॅन्युअलच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन हलवतं. तिथे प्रश्न १४ आणि १५ बघा, शिवाय अ‍ॅक्चुएटरचं फ्लुइड.

२०. रेडिएटरमध्ये गुलाबी, दुधाळ काहीतरी आलंय. गाडी ऑटोमॅटिक आहे, चालतेय व्यवस्थित.

आत्ताच चालवणं थांबवा. अनेक ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सचं ऑईल गार करायची नळी रेडिएटरच्या आतूनच जाते, ती आतून फुटली की एटीएफ कूलंटमध्ये येतं आणि कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं. कूलंट क्लच प्लेटचा गोंद सोडवतं, म्हणून आज नीट चालणारी गाडी थोड्याच दिवसांत बसते. रेडिएटर बदला आणि गिअरबॉक्सचं ऑईल कन्व्हर्टरसकट पूर्ण निघेपर्यंत पुन्हा पुन्हा बदला. गुलाबी रंग नसून तपकिरी चिखलासारखं असेल तर ते इंजिन ऑईल, मग ऑईल कूलर किंवा प्रश्न ९.

२१. डिझेल गाडी, चावी काढली तरी इंजिन बंद होईना, उलट आरपीएम वाढत गेलं. असं होतं?

होतं. टर्बोचं सील फुटून किंवा क्रँककेसमध्ये ऑईल जास्त होऊन ते हवेबरोबर आत ओढलं जातं आणि इंजिन डिझेल सोडून स्वतःचंच ऑईल जाळत पळतं, म्हणून चावीचा उपयोग होत नाही. मॅन्युअल असेल तर सगळ्यात वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडा, इंजिन दबून बंद पडतं. प्लेट जळेल, जळू दे. ऑटोमॅटिकमध्ये हवा बंद करणं हाच उपाय, पण त्यासाठी पळणाऱ्या इंजिनवर वाकावं लागतं आणि हात तर तिथे कधीच घालायचा नाही, त्यामुळे जमत नसेल तर लांब व्हा. ऑईलची लेव्हल मॅक्सच्या वर गेलेली दिसली, विशेषतः डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत जिथे डिझेल ऑईलमध्ये उतरतं, तर हे घडायची वाट बघू नका, ऑईल बदला.

२२. साचलेल्या पाण्यातून नेली आणि मधेच बंद पडली. आता पाणी ओसरलंय, सेल्फ मारू?

नाही. एअर फिल्टर उघडून बघा, ओला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग (डिझेलमध्ये ग्लो प्लग किंवा इंजेक्टर) काढून इंजिन आधी हाताने फिरवायचं, मग सेल्फने, म्हणजे पाणी भोकातून बाहेर येतं. इंजिन ऑईल आणि गिअरबॉक्सचं ऑईल दोन्ही तपासा, गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधूनही पाणी आत जातं आणि ते कोणी बघत नाही.